कल्लाप्पाचा झुकलेला लूप

कल्लाप्पा गेल्याचं मला सगळ्यांत आधी सांगितलं ते दीक्षानं. त्याच्या घरून फोन यायच्या आधी, कॉलेजातनं यायच्या आधी, निपाणीहून या पोरीचा फोन आला. मी उद्यमबागेत, आमच्या कारखान्यांच्या वसाहतीत, माझ्या शेडमध्ये होतो, पत्रे कापायचा प्रेस धाडधाड चालू होता, एका कानात बोट घालून मी ओरडलो, "कोण? मोठ्यानं बोल की!" पलीकडनं आधी नुसता हुंदका आला. मग म्हणाली, "शिवाण्णा, सर गेले. आज सकाळी. त्यांचा परवा फोन आलता... मी उचलला न्हाय." मी प्रेस बंद करायला लावला. शेड एकदम गप्प झालं आणि कामगार माझ्या तोंडाकडं बघायला लागले. दीक्षा ही कल्लाप्पाची विद्यार्थिनी, त्याच्या हाताखाली पीएच.डी. करणारी. दसऱ्यापासून तिनं त्याच्याशी अबोला धरला होता. का धरला होता ते कॉलेजात अर्धवट सगळ्यांना ठाऊक होतं, पुरतं आम्हा तिघांनाच. त्या तिघांतला एक आता नव्हता.

पुरवणीच्या संपादकांनी मला चार शब्द लिहायला सांगितलंय. मी मोटारीचे पत्रे कापणारा माणूस, लिहिणं हा माझा धंदा नव्हे. शोकसभेत सगळे चांगलं चांगलं बोलून गेले. अजातशत्रू काय, ऋषितुल्य काय... मी मागच्या खुर्चीत बसून मनात म्हणत होतो, अहो, हा माणूस एक नंबरचा हट्टी होता, ते कुणीतरी सांगा की! मला त्याचा राग आलेला आहे. तो जात नाही, आणि रडूही धड येत नाही. तेव्हा राग घेऊनच लिहितो, चालवून घ्या.

आम्ही दोघं कंग्राळीचे. एका शाळेत, एका बाकावर. त्याच्या घरचा भाजीपाला असायचा आणि सुट्टीच्या दिवशी आईबरोबर तो बाजारात बसायचा. बसायचा म्हणजे काय, गिऱ्हाईक घालवायचा. एखादी बाई भेंडी निवडायला लागली की हा पठ्ठ्या सांगणार, "मावशी, ही कालची हाय. ताजी त्या पाटीत." काकू, म्हणजे त्याची आई, त्याला पाठीत धपाटा घालायची आणि पुढल्या खेपेला परत त्यालाच घेऊन यायची. त्याच्या आईला या लेकाचा इतका अभिमान, की कुणी नाव काढलं की तिचे डोळे भरायचे. पुढं आम्ही दोघंही इंजिनिअरिंगला गेलो. मी कसाबसा पास होऊन उद्यमबागेत प्रेस टाकला, पंपाच्या मोटारीत बसणारे पोलादी पत्रे कापायला लागलो. कल्लाप्पा शिकत राहिला, शिकवायला लागला, आणि एका चुंबकाच्या नादाला लागून तिथंच अडकला.

त्याचं काम काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. लोखंडाभोवती तार गुंडाळून वीज सोडली की लोखंड चुंबक होतं, हे शाळेतलं. वीज वाढवत नेली तसं चुंबकपण वाढतं. पण वीज कमी करत आणली की ते गेल्या वाटेनं परत येत नाही, मागं रेंगाळतं. वीज शून्यावर आली तरी थोडं चुंबकपण अंगात राहतंच, ते घालवायला उलटी वीज द्यावी लागते. असं तिकडं जाऊन परत इकडं आलं की कागदावर एक बंद आकृती तयार होते, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती. तिला हिस्टेरेसिस लूप म्हणतात, आम्ही नुसतं लूप म्हणायचो. लूपच्या पोटात जेवढी जागा, तेवढी वीज दर फेरीला उष्णता होऊन वाया जाते. शेतातली मोटार हात लावू देत नाही इतकी तापते, त्यात या लूपचा वाटा असतो. कल्लाप्पा हा लूप संगणकावर तयार करायचा. पत्र्याची जात, जाडी, विजेचा जोर सांगितला की लूप कसा पडेल, मोटार किती तापेल, हे मोटार बनवायच्या आधी गणितानं सांगायचं. त्या गणिताला तो मॉडेल म्हणायचा. "जगात अशी लई मॉडेलं हाईत शिव्या," म्हणायचा, "सगळी थोडी थोडी खोटं बोलतात. आपलं जरा कमी बोलावं, एवढंच बघायचं."

एकदा कॉलेजच्या कार्यक्रमात कुणी पाहुणे आले होते. त्यांना कल्लाप्पाचा विषय सांगितल्यावर ते भाषणात म्हणाले, बघा, लोखंडालाही आठवणी असतात, मग आपण तर माणसं! टाळ्या पडल्या. हा मागनं उभा राहिला. "साहेब, लोखंडाला काहीच आठवत नाही. आतल्या बारक्या भागांच्या भिंती अडकून बसतात, आपल्याला त्या दिसत नाहीत म्हणून आपण आठवण म्हणतो." पाहुण्यांचं तोंड एवढंसं झालं. नंतर चहाला मी त्याला म्हटलं, अरे, काय गरज होती? तर म्हणाला, "चुकीचं बोलले ते." बस्स. विषय संपला त्याच्या लेखी. म्हणून मीही या लेखात तसलं काही म्हणणार नाही, नाहीतर वरून खाली येऊन भांडेल.

कॉलेजच्या लॅबशेजारी लिफ्ट होती, ती चालली की मोजमाप हलायचं. म्हणून त्यानं लूप मोजायचं यंत्र माझ्या टूलरूममध्ये आणून ठेवलं. टूलरूम म्हणजे प्रेसचे साचे घासायची खोली. तिथं ग्राइंडर आहे, आणि ग्राइंडरला एक सपाट मॅग्नेटचा बेड. साचा त्यावर ठेवायचा, बाजूचा दांडा ओढायचा, की साचा असा चिकटतो की हलवून दाखवा. दर शनिवारी कॉलेज सुटलं की कल्लाप्पा माझ्याकडं यायचा. माझ्याच पत्र्यातनं वीतभर लांबीच्या पट्ट्या कापून घ्यायचा आणि मोजत बसायचा. मोजायच्या आधी प्रत्येक पट्टीतलं जुनं चुंबकपण घालवावं लागतं. त्याला तो पट्टी धुणं म्हणायचा. पट्टी तारेच्या वेटोळ्यात ठेवायची, उलटसुलट वीज सोडायची आणि बटण हळूहळू, अगदी हळूहळू शून्यावर आणायचं. घाई केली की थोडं मागं राहतं. मी एवढ्या वेळात चहा पिऊन, दोन गिऱ्हाइकांशी भांडून परत यायचो, तरी याचं बटण फिरतच असायचं.

आता ती खंडेनवमी. बरीच वर्षं झाली तिला. त्या सणाला आमच्या उद्यमबागेत सगळी यंत्रं धुऊन-पुसून, झेंडू लावून पूजेला मांडतात आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत कुणी अवजाराला हात लावत नाही. त्या वर्षी काकू मुद्दाम कंग्राळीहून आल्या होत्या. आम्ही ग्राइंडरच्या बेडवरच देवाचा फोटो ठेवून नट आवळायचे पाने, साचे, मापं मांडली होती. काकूंनी सगळं न्याहाळलं आणि विचारलं, "कल्लाप्पा, ह्यात तुझं हत्यार कुठलं रं?"

"माझं कुठलं हत्यार आई? माझं सगळं काँप्युटरात."

"म्हंजे सगळ्यांची पूजा, आन् माझ्या लेकाची न्हाय?"

म्हातारीचा चेहरा पडलेला त्याला बघवेना. कपाटातनं त्यानं पट्ट्यांचा गठ्ठा काढला. सणाआधी धुऊन, नंबर घालून ठेवलेल्या, सुट्टीनंतर मोजायच्या. काकूंना त्या फोटोमागं उभ्या करायच्या होत्या. त्या काही उभ्या राहीनात, सारख्या पडायच्या. मग कल्लाप्पानं हसत हसत दांडा ओढला, आणि एकेक पट्टी बेडवर टेकवली तशी ती ताठ उभी राहिली. देवामागं चकचकीत प्रभावळ झाली! काकूंनी हात जोडले. कामगारांना म्हणाल्या, "बघा, माझ्या लेकाची विद्या." कल्लाप्पा लाजला. मी फोटोला हार घातला. चुंबकाचा डॉक्टर तो, पत्रा कापण्यात जन्म गेलेला मी, आणि आम्हा दोघांच्याही डोक्यात एका क्षणासाठी सुद्धा आलं नाही की धुतलेल्या पट्ट्या आपण चुंबकावर उभ्या करतोय. आईच्या आनंदात होतो आम्ही.

दसरा झाला, पट्ट्या परत कपाटात गेल्या, आणि पुढच्या शनिवारी त्यानं त्या मोजल्या. धुतलेल्या आहेतच म्हणून तशाच. कमी विजेवरचे लूप पडद्यावर आले ते एका अंगाला झुकलेले. आधी त्याला वाटलं यंत्र बिघडलं. तारा बदलल्या. मग पट्टी उलटी करून घातली, तर झुकावही उलटा झाला. म्हणजे दोष यंत्रात नाही, जे काय आहे ते पट्टीत आहे. त्यानं विचार करकरून ठरवलं की पत्रा प्रेसखाली कापला जातो तेव्हा कडांना ताण बसतो, त्या ताणानं लूप झुकतो. जुन्या मॉडेलांत याला जागा नव्हती. त्यानं आपल्या गणितात नवा आकडा घातला, आणि संगणकावरचा लूप मोजलेल्या लूपवर असा बसला की मलाही कळलं, काहीतरी जमलंय. मोठ्या परदेशी नियतकालिकात लेख आला. शेवटी आभारात माझ्या शेडचं नाव होतं. माझ्या प्रेसचा ताण जगानं वाचला म्हणून मी शेडांच्या सगळ्या लाइनीला कुंद्याची मिठाई वाटली. काकूंना लेखातलं काय कळणार? त्यांनी तो कागद देव्हाऱ्यात ठेवला आणि त्या आनंदातच दोन वर्षांनी गेल्या.

पुढं त्या मॉडेलवर कल्लाप्पाचं नाव झालं. विद्यार्थी आले, गेले. सगळे संगणकावर काम करणारे. लूपचे आकडे लागले की त्या दसऱ्यानंतर मोजलेल्या आकड्यांची तीच पहिली फाईल उघडायची, नव्यानं कुणी मोजत नव्हतं. दीक्षा आली ती सगळ्यांत हुशार. निपाणीची. तिची आजी तंबाखूच्या वखारीत काम करायची, वडील शाळामास्तर झाले, आणि ही घरातली पहिली डॉक्टर होणार होती. छोट्या शेडमध्ये कापलेल्या पत्र्यांच्या मोटारी किती तापतात, हे कल्लाप्पाच्या त्या आकड्यावरून काढायचं, हा तिचा प्रबंध. पोरगी माझ्या प्रेसवर येऊन उभी राहायची, पत्र्याच्या कडा बोटानं चाचपायची, कामगारांना चार प्रश्न विचारायची. तोंडानं फटकळ. मला म्हणायची, "शिवाण्णा, तुमच्या साच्यांना धार न्हाय, म्हणून माझ्या मोटारी तापालेत." पहिल्याच वर्षी तिनं कल्लाप्पाला म्हटलं होतं, सर, एकदा पट्ट्या मी परत मोजू काय? तो म्हणाला, "ते झालंय गं. तू गणितावर लक्ष दे." ती परत संगणकापुढं जाऊन बसली. प्रबंध लिहून होत आला, एका कॉलेजात तिची नोकरीही जवळजवळ ठरली, फक्त पदवी हातात यायची होती.

आणि गेला दसरा आला. पूजा उरकल्यावर बसू नावाचा माझा ग्राइंडरवाला बेडवरचं सामान काढत होता. आता पान्याला कुणी धुऊन ठेवतं काय? त्यानं पाना ओढून काढला आणि खाली ठेवला तो लोखंडाच्या किसात. उचलला तर पान्याच्या तोंडाला किसाचे झुपके लोंबत होते. "सर, पान्याला मिशा आल्या बघा!" म्हणून तो हसला. आम्ही सगळे हसलो. कल्लाप्पाच्या हातात कुंद्याचा द्रोण होता. तो तोंडातला घास चावायचा थांबला. पान्याकडं बघत राहिला. मग बेडकडं. "शिव्या," म्हणाला, "आईनं पट्ट्या मांडल्या होत्या ते इथंच न्हवं?" मी म्हटलं व्हय. "आणि दांडा... दांडा मीच ओढलता." द्रोण खिडकीत ठेवून तो स्टुलावर बसला, कपाळाला हात लावून. काय झालंय ते समजायला मला थोडा वेळ लागला. तो झुकाव माझ्या प्रेसचा नव्हता. ते बेडचं चुंबकपण होतं, पट्ट्यांत राहिलेलं. त्यावर त्यानं गणित बांधलं होतं, आणि गणितात फिरवायला एक जास्तीचं बटण असलं की कुठलीही रेघ कुठल्याही रेघेवर बसते, हे त्यानंच मला शिकवलं होतं.

तो एवढंच म्हणाला, "बरं झालं, आई न्हाय बघायला."

मी त्याला सरळ सांगितलं, गप्प बस. कुणाला कळणाराय? काकू गेल्या, बसूला यातलं ओ का ठो कळत नाही, राहता राहिलो मी, माझं तोंड बंद. पोरीला पदवी मिळू दे, तिची नोकरी लागू दे, मग तुला काय लिहायचं ते लिही. मला आजही वाटतं माझं चुकलं नव्हतं. कुणाचा जीव जाणार होता? लोकांनी असले आकडे उदंड छापलेत. पण त्याच्यापुढं बोलून उपयोग नव्हता. "ती चुकीच्या आकड्यावर डॉक्टर झाली तर तिला जन्मभर तोच आकडा सांभाळावा लागंल," म्हणाला. मी म्हटलं, सांभाळेल की! तुझ्यापेक्षा शहाणी आहे ती. तो उठून गेला, चपला तशाच टाकून.

दीक्षाला त्यानं टूलरूममध्येच बोलावलं. मला म्हणाला, तू थांब. सगळं पहिल्यापासून सांगितलं, दांड्यासकट. मला वाटलं पोरगी रडेल. रडली नाही. "सर," म्हणाली, "दसऱ्याला आमच्या घरातनं सगळी धम्मचक्राच्या कार्यक्रमाला जातात. आम्ही लोखंडाला कुंकू लावत न्हाय. आणि माझा प्रबंध तुमच्या पूजेत गेला."

"खरं हाय."

"मी पहिल्या वर्षी म्हटलंतं, परत मोजते म्हणून."

"व्हय. म्हटलंतीस."

"मग तुम्ही काय म्हटला?"

ती पिशवी उचलून निघाली. दारात वळून म्हणाली, "तुमचं नाव झालं, सर. चुकलं म्हणून सांगायला तुम्हाला परवडतंय." तिचं काय चुकलं होतं, सांगा? मी धावत गेलो मागं, बसस्टॉपपर्यंत. ती माझ्याशीही बोलली नाही.

मग यानं नियतकालिकाला कळवलं. कॉलेजात कुजबुज सुरू झाली. त्याची बढती व्हायची होती, त्या मुलाखतीला तो गेलाच नाही. स्टाफरूममध्ये कुणीतरी त्याच्या तोंडावर म्हणालं, मोठा हरिश्चंद्र लागून गेलास, आमच्या विभागाचं नाव घालवलंस. नियतकालिकाचं उत्तर आलं की नुसता संशय छापता येत नाही, पट्ट्या धुऊन परत मोजा आणि काय निघतं ते पाठवा. पट्ट्या होत्या. यंत्र होतं. एका दुपारचं काम. आणि हा शहाणा मोजेना! मी चिडलो, ओरडलो, तर म्हणाला, "माझ्या हाताचा मलाच भरवसा न्हाय शिव्या. झुकाव ऱ्हायला तर वाटंल मीच ऱ्हावू दिला. गेला तर वाटंल, शिक्षा म्हणून मीच घालवला. दीक्षाला मोजू दे. तिचा हक्क हाय त्याच्यावर." आणि ती येत नव्हती. तो दर शनिवारी यायचा, पट्ट्यांचा गठ्ठा टेबलावर काढायचा, दाराकडं तोंड करून बसायचा. चहावर साय धरायची. संध्याकाळी गठ्ठा परत कपाटात. फोन आलता काय तिचा, एवढंच विचारायचा. मी नाही म्हणायचो. तिला दम देऊन आणू का, म्हटलं तर माझ्यावरच डोळे वटारायचा.

एका सकाळी त्यानं अंघोळीचं पाणी काढून ठेवलं, आणि पाणी तसंच राहिलं. सुमनवहिनी, त्याची बायको, शाळेला जायची तयारी करत होत्या. आवाज आला म्हणून बघायला गेल्या तर सगळं आटोपलं होतं. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. कशानं पडलं ते कोण सांगणार? मला मात्र ते सगळे शनिवार दिसत राहतात, आणि मी त्याच्यावर चिडायचं की त्या पोरीवर की स्वतःवर, हे ठरत नाही. अंत्यविधीला दीक्षा आली होती. लांब, बांधावर उभी होती, वडिलांबरोबर. मी तिच्याकडं गेलो नाही.

काही आठवडे गेले. एका शनिवारी दुपारी ती टूलरूमच्या दारात उभी. वाळलेली, डोळे खोल गेलेले. नमस्कार नाही, काही नाही. "पट्ट्या हाईत?" म्हणाली. मी कपाटाकडं बोट दाखवलं. तिनं खोलीतनं मला बाहेर काढलं नाही, पण बोलायचं नाही म्हणून सांगितलं. बेडपासून लांब, लाकडी टेबलावर तिनं पट्ट्या मांडल्या आणि एकेक धुवायला घेतली. कल्लाप्पासारखंच बटण फिरवत होती, हळू, आणखी हळू. मी बाहेर जाऊन सगळे प्रेस बंद करायला लावले. कामगार म्हणाले, मालक, आज काय? मी म्हटलं, गप्प बसा रं, मोजायलेत.

पहिला लूप पडद्यावर आला. मग दुसरा. मग सगळे. झुकाव कुठंच नव्हता. दोन्ही अंगं सारखी, कुठल्याही पुस्तकात असतो तसला साधा, शहाणा लूप. कल्लाप्पाचं एवढ्या वर्षांचं काम, काकूंच्या देव्हाऱ्यातला कागद, माझ्या प्रेसचं नाव, सगळं त्या सरळ आकृतीत पुसून गेलं. दीक्षानं एक पट्टी परत घेतली, परत धुतली, परत मोजली. तेच. मग तिनं टेबलावर डोकं टेकलं आणि ती जे रडली... मला वाटतं तिच्या मनात कुठंतरी होतं की चूक झाली म्हणण्यातच सर चुकले असतील, झुकाव खरा असेल, प्रबंध वाचेल. तेही गेलं. "खरं बोलत होते हो," एवढंच म्हणत राहिली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मलाही तेव्हाच रडू आलं, पहिल्यांदा.

नियतकालिकाला पाठवायचा मजकूर तिनं तिथंच बसून लिहिला. त्यात पूजा आली, बेड आला, दांडा आला, काही लपवलं नाही. वर लेखकांची नावं. पहिलं कल्लाप्पाचं, दुसरं तिचं. मी म्हटलं, अगं, मोजलंस तू. त्याचं नाव आधी घालून परत तुझं मागं? तुला अजून गाईड मिळेना, नव्यानं सगळं उभं करायचंय. तर मान वर न करता म्हणाली, "शिवाण्णा, झुकाव घालवायला एक दुपार लागली. तो खोटा हाय हे सांगायला काय लागलं ते आपण बघितलंय. पहिलं नाव सरांचंच." सर वारल्याचं तिनं सोबत वेगळं कळवलं, आणि मजकूर धाडून दिला.

परवा दुपारी सुमनवहिनींचा फोन आला. कल्लाप्पाचा मोबाईल त्या रोज चार्ज करतात. लांबलांबचे विद्यार्थी अजून फोन करतात, त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे म्हणतात. "भावजी," म्हणाल्या, "ह्यांच्या फोनवर आत्ता इंग्रजीत काहीतरी आलंय. या लेखाचे पहिले लेखक तुम्हीच काय, आणि आत लिहिलंय ते तुम्हाला मान्य हाय काय, असं विचारालेत. खाली दोन बटणं हाईत. मी काय करू?" तिकडच्या यंत्रानं आपोआप धाडलेलं दिसत होतं, माणसानं वाचलं असतं तर कल्लाप्पाला कशाला विचारलं असतं? दीक्षाला कळवायला पाहिजे, रीतसर काय असतं ते तिला ठाऊक, असं मी सांगणार होतो. तेवढ्यात वहिनींनी विचारलं, "लिहिलंय तरी काय यात? मला ते कधी काही सांगायचे न्हाईत."

मी म्हटलं, "वहिनी, त्यात लिहिलंय की कल्लाप्पा चुकला होता. आणि आपली चूक त्यानंच धरली."

"मग मान्यच म्हटले असते की हो ते," त्या म्हणाल्या. "दाबते."